कोल्हापुरात स्वतःची इंटरनेट सेवा: आधी दारं मोजा, मग वायर घ्या

महिन्या-दोन महिन्यांतून एखादा पोरगा माझ्या दुकानात येऊन बसतो. चहा होतो, इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग मुद्दा निघतो, "काका, ओएलटी कुठली घेऊ?" (ओएलटी म्हणजे सगळ्या घरांना इंटरनेट पुरवणारी मुख्य पेटी.) दहा-पंधरा लाखांची तयारी झालेली असते, त्यातले निम्मे वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांतले. मी उलट विचारतो, "तुझ्या भागात दारं किती? त्यातल्या किती दारांत आत्ता कुणाची तरी वायर गेलीय?" इथं बहुतेक जण गप्प होतात.

केबल टीव्हीच्या काळापासून मी या धंद्यात आहे. डिश अँटेना गेल्या, जाड काळी कोअॅक्स केबल गेली, फायबर आली. पण हिशेब तोच राहिला. या धंद्यात किती किलोमीटर वायर ओढली याला किंमत नाही, एका किलोमीटरला किती दारं लागली याला आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबानं लिहितोय. नवीन माणसाला डोळ्यांपुढं ठेवलंय, त्यामुळं जुन्या लाइनमननी काही परिच्छेद गाळले तरी चालेल.

पहिलं काम: वही घेऊन चालायचं

यंत्रांचे कॅटलॉग बाजूला ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ चालत फिरा. गाडीवरून नाही, चालत. प्रत्येक गल्लीची चार गोष्टींची नोंद करा: दारं किती, खांब किती आणि कुणाचे, आत्ता किती जणांच्या वायरी लोंबतायत, आणि भाड्यानं राहणारे किती. भाडेकरू जास्त असतील तर कनेक्शन लवकर लागतं आणि तितक्याच लवकर सुटतं. शिवाजी विद्यापीठाच्या आसपासच्या खोल्यांत जूनमध्ये फोन सारखा वाजतो आणि मे महिन्यात वाय-फायची पेटी गोळा करत फिरावं लागतं.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथं दारं दाट आहेत, भिंतीला भिंत लागून. शंभर मीटर वायरीत पन्नास घरं सहज येतात. पण तिथं जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि दोन-तीन स्थानिक ऑपरेटर आधीच बसलेत. पाचगाव, आर. के. नगर, मोरेवाडी, कळंबा या बाजूला नवी घरं, नवे अपार्टमेंट, स्पर्धा थोडी कमी. पण प्लॉट मोकळे, त्यामुळं दोन दारांमधलं अंतर जास्त. उजळाईवाडीच्या पुढं गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत लागते. तिथं गिऱ्हाईक थोडं, पण एक कारखाना दहा घरांइतकं बिल देतो. मात्र त्याची लाइन बंद पडली की ई-वे बिल निघत नाही, ट्रक गेटवर उभा राहतो आणि मालक तुमच्या नावानं शंख करतो. मी म्हणेन, पहिल्या वर्षी कारखान्याच्या नादाला लागू नका.

आकडा म्हणून एवढं लक्षात ठेवा: एका किलोमीटर मुख्य वायरीला दीडशे तरी दारं दिसली पाहिजेत, आणि त्यातली साठ-सत्तर तुमची होतील असं वाटलं पाहिजे. तसं वाटत नसेल तर दुसरा भाग बघा. वायर ओढल्यावर हा विचार करून काही उपयोग नाही.

लायसन्स घ्यायचं की कुणाचा भागीदार व्हायचं

भारतात इंटरनेट विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते. युनिफाइड लायसन्समध्ये इंटरनेट सेवेचे तीन वर्ग आहेत. अ वर्ग देशभरासाठी. ब वर्ग एका सर्कलसाठी; आपलं महाराष्ट्र सर्कल गोव्यासह आहे, पण मुंबई त्यात नाही. क वर्ग एका एसएसएपुरता, म्हणजे साधारण एका जिल्ह्याइतका. युनिफाइड लायसन्सच्या तक्त्यात प्रवेश शुल्क अ वर्गाला ३० लाख, ब वर्गाला २ लाख आणि क वर्गाला २० हजार रुपये आहे. अर्जाचं प्रक्रिया शुल्क आणि बँक गॅरंटी वेगळी. अर्ज सरल संचार पोर्टलवर ऑनलाइन करायचा आणि तो कंपनीच्या नावानंच. दुकानाच्या नावावरची प्रोप्रायटरशिप चालत नाही, आधी प्रायव्हेट लिमिटेड काढावी लागते. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं या सगळ्या चौकटीची फेरमांडणी सुरू झालीय. म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवशी पोर्टलवर जे शुल्क आणि ज्या अटी दिसतील त्याच धरा, कुणाच्या जुन्या फाइलवर जाऊ नका.

२० हजार ऐकून माणूस खूश होतो. फसगत इथंच होते, कारण परवान्याचा खरा खर्च प्रवेशद्वारावर नसतो, आत असतो. उत्पन्नावर, म्हणजे सरकारी भाषेतल्या समायोजित सकल महसुलावर, ८ टक्के लायसन्स फी दर तिमाहीला भरायची. या ८ टक्क्यांपैकी ५ टक्के डिजिटल भारत निधीला जातात, ज्याला पूर्वी यूएसओ फंड म्हणायचे. गिऱ्हाइकांच्या वापराच्या नोंदी, म्हणजे कोणत्या वेळी कोणता आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) कुणाकडं होता, हे किमान दोन वर्षं जपायचं. आधी एक वर्ष होतं, डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनं दोन झालं. सायबर पोलिसांचं पत्र येतं तेव्हा हेच लॉग मागतात आणि "हार्ड डिस्क उडाली" हे उत्तर चालत नाही. शिवाय सरकारनं सांगितलेल्या साइट बंद करणं, दूरसंचार नियामक ट्रायला अहवाल, विभागाला विवरणपत्रं. हे सांभाळायला सीए लागतो आणि नेटवर्क कळणारा एक माणूस लागतो. दोघंही फुकट मिळत नाहीत.

दुसरा रस्ता भागीदारीचा. परवाना असलेल्या मोठ्या आयएसपीची, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीची, फ्रँचायझी घ्यायची. परवाना, आयपी, लॉग, बिलिंगचं सॉफ्टवेअर त्यांचं. गल्लीतली वायर, गिऱ्हाईक आणि शिव्या तुमच्या. बीएसएनएलसुद्धा घरोघरची फायबर स्थानिक भागीदारांमार्फत देते. कमाई टक्क्यांनी वाटून घ्यायची.

नव्या माणसानं भागीदारीपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण कराराचा कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. दोन प्रश्न विचारायचेच. करार तुटला तर वायर कुणाची? आणि गिऱ्हाईक कुणाचं? ज्या करारात गिऱ्हाइकाचं बिल, मोबाइल नंबर आणि पैसे तिन्ही थेट वरच्या कंपनीकडं जातात, त्यात तुम्ही पगाराशिवायचे लाइनमन आहात. महिन्याला किमान इतका धंदा द्यावाच लागेल असं कलम असेल तर पहिल्या वर्षापुरतं ते काढून घ्या. आणि त्यांचा परवाना आपल्या जिल्ह्याला लागू होतो का, हेही बघा. दुसऱ्या जिल्ह्याच्या क वर्गावर इथं धंदा करणारा माणूस तुम्हाला घेऊन बुडतो.

तिसरा एक छोटा प्रकार आहे, तो बऱ्याच जणांना माहीतच नाही. पीएम-वाणी. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं याला मंजुरी दिली. चहाची टपरी, पानपट्टी, किराणा दुकान, कुणीही आपल्या जागेवरून सार्वजनिक वाय-फाय विकू शकतं, त्याला परवाना लागत नाही. यात पोट भरत नाही, पण लोक इंटरनेट कसं वापरतात हे शिकायला स्वस्तातली शाळा आहे.

नोडची जागा आणि पंचगंगा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझा एक नोड, म्हणजे मुख्य यंत्रं ठेवायची जागा, शाहूपुरीत तळमजल्यावर होता. भाडं कमी, जागा रस्त्याला लागून, म्हणून घेतलेली. पंचगंगेच्या पुराचं पाणी आलं तेव्हा ओएलटी टेबलावर ठेवून घरी गेलो. दोन दिवसांनी टेबलच तरंगत होतं. यंत्र गेलं, बॅटऱ्या गेल्या आणि वरच्या भागातली, जिथं पाण्याचा थेंब नव्हता तिथली गिऱ्हाइकंही आठवडाभर बंद. त्यातली बरीच परत आली नाहीत.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पाणी ५० फुटांच्या वर गेलं. तेव्हा सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्कचा खालचा भाग इथं नोड नकोच. गिऱ्हाईक तिथं घ्या, खुशाल घ्या. फायबरचा स्प्लिटर, म्हणजे एका तंतूतला उजेड अनेक घरांत वाटणारा तुकडा, विजेशिवाय चालतो, दोन दिवस पाण्यात राहिला तरी जॉइंट बॉक्स नीट बंद असेल तर टिकतो. पण वीज लागणारी प्रत्येक वस्तू उंचावर हवी. राजारामपुरीचा चढ, पाचगावचा माळ अशा ठिकाणी पहिल्या मजल्यावरची एक खोली बघा.

आणि पूर नुसता पाण्यानं बुडवत नाही. उपकेंद्रात पाणी शिरलं की वीज तोडली जाते, महामार्ग शिरोलीजवळ बंद होतो, डिझेल मिळायची मारामार होते. म्हणून बॅटरी किमान सहा तासांची, छोटा जनरेटर आणि जूनमध्येच भरून ठेवलेला दोन दिवसांचा डिझेलसाठा. दोन जादा ओएनयू, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरातल्या पेट्या, आणि पाचशे मीटर वायर नदीच्या पलीकडं कुणाकडं तरी ठेवा. रस्ता बंद झाला की तिकडचा पोरगा रिकाम्या हातानं बसून राहायला नको.

अर्थिंग हा वेगळा विषय आहे. एप्रिल-मेमधल्या वळवात कडकडाट झाला की माझा फोन बंद ठेवावासा वाटतो. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण वायरीला आधार म्हणून लोखंडी तार असेल तर तिच्यातून येते, आणि घरात पेटीपासून संगणकापर्यंत गेलेल्या तांब्याच्या लॅन केबलमधून तर हमखास. नोडला नीट खड्डा खणून अर्थिंग करा, वायर शक्यतो लोखंडाऐवजी फायबरग्लासच्या दांडीची घ्या.

जाळ्याचा आराखडा: लॉस मोजल्याशिवाय स्प्लायसिंग नको

आता यंत्रांकडं येऊ. लॉस म्हणजे वाटेत कमी होणारा उजेड, स्प्लायसिंग म्हणजे तंतूला तंतू जोडणं. नोडवरची मुख्य पेटी ती ओएलटी, गिऱ्हाइकाच्या घरातली ती ओएनयू, मधे स्प्लिटर. जीपॉन, म्हणजे एका तंतूवर अनेक घरं चालवायच्या पद्धतीत, ओएलटीच्या एका पोर्टमधून खाली साधारण अडीच गिगाबिट, वर सव्वा गिगाबिट जातं, अंतर वीस किलोमीटरपर्यंत. एका पोर्टवर ६४ घरं बसवायची हा गल्लीतला सर्वसाधारण हिशेब. आठ पोर्टची ओएलटी म्हणजे ५१२ घरं. सगळ्यांनी एकदम पूर्ण वेगानं ओढलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ३८-३९ एमबीपीएस येतं. पण सगळे एकदम ओढत नाहीत, म्हणूनच शंभर एमबीपीएसचे प्लॅन विकता येतात.

उजेड किती पोचतो हा नव्या माणसाचा कच्चा दुवा. डीबीएम हे उजेडाच्या ताकदीचं माप, डीबी हे घटीचं. ओएलटीतून उजेड निघाला समजा अधिक ३ डीबीएमनं. एकास आठचा स्प्लिटर १०.५ डीबी खातो. दोन टप्प्यांत एकास आठ, एकास आठ लावले की ६४ घरं झाली, २१ डीबी गेले. तीन किलोमीटर वायरीचा १ डीबी. सहा जोड, प्रत्येकी ०.१, म्हणजे ०.६. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.४, म्हणजे १.६. एकूण २४.२. घरात पोचला उणे २१.२ डीबीएम. ओएनयू उणे २७ च्या आसपास हात टेकते, म्हणजे पाच-सहा डीबी हातात राहिले. हे शिल्लक पाच-सहा डीबी म्हणजे तुमची पावसाळ्यातली झोप. एक वायर कपाटामागं चेपली, एका जॉइंटमध्ये पाणी शिरलं, की ते संपतात आणि घरातल्या पेटीवर लाल दिवा लागतो. उणे २५ वर जोडलेलं गिऱ्हाईक उन्हाळ्यात चालतं आणि जुलैत तक्रार करतं. मी पोरांना सांगून ठेवलंय, मीटरवर उणे २३ पेक्षा वाईट आकडा आला तर घरमालकाचा चहा घ्यायचा नाही, आधी जोड परत करायचा.

दोन टप्प्यांतला दुसरा स्प्लिटर गल्लीच्या तोंडाशी ठेवा. नोडवरच एकास चौसष्ट लावून प्रत्येक घराला तिथून वेगळी कोअर, म्हणजे वेगळा तंतू, ओढणारे मी पाहिलेत. त्यांच्या खांबावर कबुतराचं घरटं झालेलं असतं, आणि ट्रक अडकला की चौसष्ट जोड एकदम करावे लागतात.

यंत्रं घेताना फक्त स्वस्ताई बघू नका. १५ जून २०२१ पासून परवानाधारकांनी नेटवर्कची नवी यंत्रं सरकारनं विश्वसनीय ठरवलेल्या स्रोतांकडूनच घ्यायची आहेत, आणि दूरसंचार विभागाच्या टीईसीचं (दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राचं) प्रमाणपत्र आहे का तेही बघायचं. फ्रँचायझी घेतलीत तर कोणतं मॉडेल चालेल हे वरच्या कंपनीकडून लेखी घ्या. बाजारातून उचललेली ओएनयू त्यांच्या ओएलटीला ओळखच देत नाही, असा प्रकार झाला की पन्नास पेट्या कपाटात पडून राहतात.

खांब, रस्ता आणि परवानग्या

हे थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक वॉर्डात वेगळी गोष्ट ऐकू येते. रस्ता खोदायचा असेल तर शहरात महापालिकेची, बाहेर ग्रामपंचायतीची किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाची परवानगी. वायर महावितरणच्या खांबावरून न्यायची तर महावितरणची लेखी परवानगी आणि भाडं. तोंडी "चालतंय की" वर बांधलेली वायर कधीतरी एका दुपारी कापून खाली पडलेली दिसते आणि तेव्हा भांडायला तोंड नसतं. २०२४ चे मार्गाधिकाराचे, म्हणजे वायर न्यायच्या हक्काचे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत. त्यांचा फायदा परवानाधारकाला मिळतो, म्हणून फ्रँचायझी असाल तर अर्ज वरच्या कंपनीच्या नावानं करा. खोदाईआधी 'कॉल बिफोर यू डिग' अॅपवर नोंद करा, दुसऱ्याची पाइपलाइन फोडून धंदा सुरू करू नये.

उंचीचं मात्र सविस्तर सांगायला हवं. कोल्हापुरात वायरीचे दोन मोठे शत्रू, आणि दोघांवरही आपण रागावू शकत नाही. एक ऊस. हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर ऊस मावेल तितका आणि न मावेल तितकाही. कळंबा, फुलेवाडी, शिंगणापूरच्या रस्त्यांवर खाली आलेली वायर पहाटे चारला तुटते आणि ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. दुसरा गणपती. मोठ्या मंडळाची मूर्ती येताना आणि विसर्जनाला जाताना कार्यकर्ता बांबूनं वायरी उचलतो; उचलता आली नाही तर काय करतो ते सांगायला नको. म्हणून रस्ता ओलांडताना किमान अठरा-वीस फूट उंची ठेवा, जोड कधीही रस्त्याच्या वर नको, आणि दोन्ही बाजूंच्या खांबांवर दहा-दहा मीटर वायर गुंडाळून ठेवा. गणपतीच्या आधी आठवडाभर तालमीत जाऊन मंडळाच्या पोरांना विचारा, मूर्ती किती फुटी, मिरवणूक कुठून. वर्गणी द्या, आणि आपला मोबाइल नंबरही द्या. मला मिरवणुकीच्या रात्री "काका, तुमची वायर आडवी आलीय, या" असे फोन येतात, आणि कापलेल्या वायरीपेक्षा तो फोन कितीतरी स्वस्त पडतो.

पैसा

आता वही उघडा. खालचे भाव माझ्या अंदाजाचे आहेत, हिशेब कसा मांडायचा हे दाखवायला. तुम्ही दोन-तीन पुरवठादारांकडून आजचे दर घ्या आणि आकडे बदला. समजा ४०० गिऱ्हाइकं, मुख्य वायर सहा किलोमीटर, धंदा भागीदारीचा.

ओएलटी १ लाख. स्विच आणि छोटा राउटर ४० हजार. बॅटरी, इन्व्हर्टर, रॅक, अर्थिंग ७० हजार. वायर सरासरी १८ रुपये मीटर, गुंडाळ्या धरून साडेसहा किलोमीटरची १ लाख २० हजार. ओढण्याची मजुरी आणि खांबावरचं सामान ६० हजार. स्प्लिटर, जॉइंट बॉक्स ७० हजार. स्प्लायसिंग मशीन, ओटीडीआर (वायर कुठं तुटलीय ते दाखवणारं यंत्र) आणि पॉवर मीटर मिळून १ लाख ३५ हजार. बेरीज ५ लाख ९५ हजार, म्हणजे सहा लाख धरा.

"सहाच लाख?" म्हणून पोरं उठायला लागतात. बसा. घरातलं अजून धरलेलंच नाही. प्रत्येक घरी ओएनयू १,४००, साठ मीटर ड्रॉप वायर (खांबापासून घरापर्यंतची) ३०० आणि बसवण्याची मजुरी ३००. झाले दोन हजार. ४०० घरांचे ८ लाख. एकूण १४ लाख, आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा लोकांच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या शेजारी ठेवलेला. म्हणून पेटी फुकट देण्याआधी दहादा विचार करा. शेजारचा "इन्स्टॉलेशन फ्री" म्हणतो, तुम्हालाही म्हणावं लागेल. पण मग निदान हजार रुपये परत मिळणारी अनामत घ्या किंवा सहा महिन्यांचं बिल आगाऊ घ्या. पेटी परत आणायला जाणं हे या धंद्यातलं सर्वांत लाजिरवाणं काम आहे. वहिनी दारातूनच सांगतात, "ते गावाला गेलेत," आणि आतून टीव्हीचा आवाज येत असतो.

महिन्याचं बघू. प्लॅन सरासरी ५०० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे गिऱ्हाईक ५९० देतं. ते नव्वद आपले नव्हेत, वेगळ्या खात्यात ठेवा. जमा दोन लाख. करारात आपला वाटा ६० टक्के असेल तर हातात १ लाख २० हजार. खर्च: तिघांचे पगार ४८ हजार, जागाभाडं ६, वीज ५, पेट्रोल ८, खांबभाडं ६, तुटलेली वायर ८, बिघडलेल्या पेट्या ५, फोन आणि किरकोळ ४. एकूण ९० हजार. उरले तीस. १४ लाखांपैकी १० लाख कर्ज असेल, ११ टक्क्यांनी पाच वर्षांचं, तर हप्ता २१,७०० च्या आसपास. राहिले आठ हजार तीनशे. तुमचा स्वतःचा पगार यात कुठं आहे ते शोधा.

हेच उलटं मांडा. एका गिऱ्हाइकामागं महिन्याला ३०० रुपये मिळतात. खर्च आणि हप्ता मिळून १ लाख ११ हजार ७००. भागा: ३७३ वं गिऱ्हाईक जोडलं तेव्हा तुम्ही शून्यावर आलात. आणि २५० वर अडकलात तर हातात ७५ हजार, खर्च मात्र फारसा उतरत नाही, पंच्याऐंशीच्या खाली जात नाही. हप्ता भरायच्या आधीच दहा हजारांचा खड्डा. दारं मोजायला आठवडाभर का फिरवलं ते इथं कळतं. सहा किलोमीटरात ४०० च्या जागी ६०० घरं मिळाली तर वायर तीच, जागाभाडं तेच, पोरं फार तर एक जास्त. (ओएलटी मात्र ५१२ वर भरते, दुसरी घ्यावी लागते, तेवढं धरा.)

स्वतःचा परवाना असता तर? ४०० गिऱ्हाइकांवर दोन लाखांतून लायसन्स फी १६ हजार, वरून घाऊक विकत घ्यायची बँडविड्थ एक गिगाबिट समजा ८० रुपये एमबीपीएसनं ८० हजार, सीए, सर्व्हर, लॉग यांचे १५ हजार. उरले ८९ हजार. भागीदारीत १ लाख २० हजार होते. १,५०० गिऱ्हाइकं झाली, घाऊक भाव ५० वर आला आणि बाकीचा खर्च ४० हजारांवर गेला, तर साडेसात लाखांतून हातात ४ लाख ६२ हजार येतात. भागीदारीत साडेचार लाख. म्हणजे पारडं तिथं जेमतेम झुकतं. परवान्याची हौस त्यानंतरची.

पहिल्या सहा महिन्यांचं खेळतं भांडवल वेगळं ठेवा, किमान तीन लाख. बँकेच्या प्रकल्प अहवालात हा आकडा नसतो आणि धंदे बुडतात ते याच्याच अभावी.

बँडविड्थ आणि वरचा रस्ता

४०० घरांना एक गिगाबिट हा आकडा आला कुठून? रात्री नऊ ते अकरा या वेळेत प्रत्येक गिऱ्हाइकामागं सरासरी अडीच एमबीपीएस, असा माझा ठोकताळा. क्रिकेटचा मोठा सामना असेल त्या दिवशी याहून चढतं. ट्रायच्या कागदावर ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस लागतं. २०२३ आधी ती मर्यादा ५१२ केबीपीएस होती. गल्लीतलं पोरगं मात्र मोबाइलवर स्पीड टेस्ट काढून स्क्रीनशॉट पाठवतं.

पुरवठादाराला भाव विचारण्याआधी कॅशे विचारा, म्हणजे लोक जास्त बघतात त्याच्या जवळ ठेवलेल्या प्रती. यूट्यूब, नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम यांचे कॅशे सर्व्हर मोठ्या आयएसपीकडं असतात आणि घरगुती वापराचा मोठा हिस्सा तिथूनच भागतो. कॅशेचा वेग वेगळा, स्वस्तात किंवा बरोबर मिळाला तर विकत घ्यायची बँडविड्थ पुष्कळ कमी लागते. आयपी पत्ते निक्सी या संस्थेच्या आयआरआयएनएन विभागाकडून मिळतात, पण जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ चे पत्ते आता फार थोडेच मिळतात. त्यामुळं एका सार्वजनिक पत्त्यामागं अनेक घरं बसवावी लागतात, आणि म्हणूनच नेमकं घर ओळखायला लॉगमध्ये पोर्ट नंबरसुद्धा लागतो. कारखान्याला, सीसीटीव्हीवाल्या दुकानदाराला स्वतंत्र स्टॅटिक (न बदलणारा) पत्ता द्या, त्याचे वेगळे पैसे घ्या.

आणि वरचे रस्ते, म्हणजे पुरवठादाराकडून नोडपर्यंत येणाऱ्या लाइनी, दोन ठेवा. मी ठेवले होते. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं, माझी छाती फुगलेली. महामार्गालगत एका जेसीबीनं एका दुपारी दोन्ही तोडल्या. चर एकच होता. तेव्हापासून मी कंपनीचं नाव विचारत नाही, नकाशा मागतो. एक लाइन पुण्याच्या दिशेनं असेल तर दुसरी बेळगाव किंवा रत्नागिरीच्या बाजूनं येते का ते बघा.

माणसं आणि पहिले नव्वद दिवस

स्प्लायसिंग पंधरा दिवसांत शिकवता येतं. दारात उभं राहून चिडलेल्या माणसाशी बोलणं शिकवता येत नाही, ते बघूनच माणूस घ्या. शिडीवर चढणाऱ्या प्रत्येकाला हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि अपघात विमा. विजेच्या खांबावर हे काम आहे, इथं उपकाराचा प्रश्न नाही.

सुरुवात एकाच गल्लीपासून करा. पहिल्या महिन्यात पंचवीस घरं, तीही नातेवाइकांची नकोत. नातेवाईक पैसे देत नाहीत आणि तक्रारही खरी सांगत नाहीत. प्रत्येक घराची केवायसी त्याच दिवशी, फोटो आणि ओळखपत्रासह. घरात पोचलेला डीबीएमचा आकडा पेटीच्या मागं मार्करनं लिहा आणि वहीतही. सहा महिन्यांनी तक्रार आली की तोच आकडा परत मोजायचा. तेवढाच असेल तर दोष वायरीत नाही, वाय-फायमध्ये आहे: पेटी बहुतेक कपाटात ठेवलेली असते, किंवा देवघराच्या मागं.

बिलाची तारीख पाच ठेवा, एक नको. पगार होऊन बाजारहाट उरकलेला असतो. दुसऱ्या महिन्यापासून तक्रारींची वही चालू करा: तारीख, वेळ, गल्ली, कारण, किती तासांत सुटली. तीन महिन्यांनी ती उघडली की एक-दोन जॉइंट बॉक्सच पुन्हा पुन्हा दिसतील. ते दोन काढून नवे बसवा, मगच दुसऱ्या गल्लीत वायर न्या.